प्रूटसाहेबांना सगळं माहीत होतं

कर्टिसच्या नावाने कॉलेजातून आलेलं पाकीट जेराल्डीनबाईंनी उघडलं नाही. दुसऱ्याचं टपाल उघडणं हा गुन्हा आहे आणि हुकस्ट्रा घराण्यात आजवर कुणी गुन्हा केलेला नाही. त्यांनी ते फक्त स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर धरलं. मग खिडकीशी धरलं. मग टोस्टरचा लाल उजेड जास्त बरा पडेल असं वाटून तिथेही धरलं. पाकिटाचा एक कोपरा चांगला तपकिरी झाला तेव्हा कुठे आतली दीड ओळ दिसली: ‘...सल्लागारांना अद्याप भेटला नाहीत, म्हणून पुढच्या सत्राच्या नोंदणीला कुलूप...’

कुलूप! जेराल्डीनबाई गर्रकन फ्रिजकडे वळल्या.

कारण फ्रिजवर दुसरं एक पत्र चिकटवलेलं होतं, आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. उत्तरेकडच्या सरकारी विद्यापीठात वनशास्त्राच्या वर्गात कर्टिससाठी जागा राखून ठेवली होती. अट एकच. इथल्या टॅमरॅक व्हॅली कम्युनिटी कॉलेजातले सगळे विषय मे महिन्यापर्यंत पुरे झाले पाहिजेत. बाकीचे सगळे या सत्रात पुरे होणार होते. एकच राहिला होता, संख्याशास्त्र.

आणि ‘एकच विषय राहिलाय’ हे शब्द जेराल्डीनबाईंना भुतासारखे वाटत. त्यांचा भाऊ मार्विन याचाही एकच विषय राहिला होता. एकतीस वर्षं झाली, अजून राहिलाय. नाताळच्या जेवणाला आला की टर्कीची तंगडी हातात घेऊन तो अजूनही सांगतो, “बस, एकच विषय, मग बघा!” आता कुणी बघत नाही.

मग पोराला सरळ विचारायचं नाही का? छे! विचारलं तर पाकीट टोस्टरपाशी गेलं होतं हे उघड होणार. बाईंनी तपकिरी कोपरा आत दुमडून पाकीट त्याच्या ताटाखाली सरकवलं. शनिवार होता; कर्टिसने दुपारी जेवता जेवता ते काढलं, खिशात घातलं, तिसऱ्यांदा मॅकरोनी वाढून घेतली आणि टायरच्या दुकानातल्या कामाला निघून गेला. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. अगदी मार्विनसारखा!

जेराल्डीनबाई गावातल्या शाळेच्या भटारखान्यात रोज तीनशे मुलांचं जेवण रांधत. दुपारी दोनला सुटका व्हायची. ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी सुटल्या सुटल्या त्यांनी घरी भाजलेला केळ्याचा केक फॉइलमध्ये गुंडाळला आणि थेट कॉलेजच्या सल्ला केंद्रात जाऊन थडकल्या. तिथे आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून सल्लागार मिळत. ‘जी’पासून ‘के’पर्यंतची सगळी जनता लमार प्रूट नावाच्या गृहस्थांच्या वाट्याला होती. नऊशे विद्यार्थी, एक टेबल आणि कुंडीतलं एक उंच झाड.

“माझा मुलगा कर्टिस हुकस्ट्रा,” बाई बसता बसताच म्हणाल्या, “त्याच्या कुलपाचं काय ते सांगा.”

“बाई, मला काही सांगता येणार नाही,” प्रूटसाहेब म्हणाले. “कायदा आहे. विद्यार्थ्याची माहिती घरच्यांना द्यायची नाही.”

“मी घरची नाही, मी आई आहे.”

“आईलाही नाही. या नावाचा कुणी इथे शिकतो की नाही, तेसुद्धा मी सांगू शकत नाही.”

“शिकतो, मी सांगते ना! रोज सकाळी मीच उठवते त्याला. अहो, चोवीस तास कळा सोसून जन्म दिलाय मी त्याला.”

“अभिनंदन,” प्रूटसाहेब कळवळून म्हणाले. “त्याने संमतीच्या कागदावर सही केली तर मी बोलू शकतो.”

“सही कर म्हटलं की तो विचारणार, का. नको. दुसरं सांगा. तुम्ही बोलता तरी कुणाशी?”

“फक्त विद्यार्थ्यांशी.”

“आणि विद्यार्थी कुणाला होता येतं?”

आता इथे प्रूटसाहेबांनी गप्प बसायला हवं होतं. पण बिचारे सोळा वर्षं तेच वाक्य म्हणत आले होते, ते सवयीने तोंडातून निघून गेलं. “कुणालाही! आमचे दरवाजे सगळ्यांना उघडे आहेत.”

जेराल्डीनबाई उठल्या. बाहेरच्या दालनात प्रवेशासाठी मांडलेल्या संगणकापाशी गेल्या. बरोबर अकरा मिनिटांनी त्या परत आल्या आणि छापील कागद त्यांनी टेबलावर असा आपटला की कुंडीतल्या झाडाचं एक पान गळलं.

“हा माझा विद्यार्थी क्रमांक. आता बोला.”

प्रूटसाहेबांनी कागद वाचला. आडनाव ‘एच’वरून. म्हणजे बाई त्यांच्याच वाट्याला आल्या होत्या.

“स्वागत आहे,” ते क्षीण आवाजात म्हणाले. “काय शिकायची इच्छा आहे?”

“कर्टिस हुकस्ट्रा.”

“तो विषय नाही, बाई. मी विद्यार्थ्याशी फक्त त्याच्या स्वतःबद्दल बोलू शकतो. म्हणजे आता तुमच्याशी तुमच्याबद्दल.”

“माझ्याबद्दल मला सगळं माहीत आहे!”

“तरी नियम आहे,” प्रूटसाहेब म्हणाले आणि त्यांनी आवडीनिवडी तपासायची प्रश्नावली पुढे सरकवली. “नव्या विद्यार्थ्याला ही भरावीच लागते.”

बाईंनी ती भराभरा भरली. ‘उष्णतेजवळ काम करायला आवडतं का?’ भट्टीपाशी उभं राहून बावीस वर्षं झाली होती, तेव्हा हो. ‘जड वस्तू उचलता का?’ वीस किलोचा बटाट्यांचा डबा, हो. ‘गोंगाटात लक्ष लागतं का?’ तीनशे मुलं! हो, हो आणि हो. संगणकाने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं: ‘तुमच्यासाठी सर्वांत योग्य क्षेत्र: वेल्डिंग.’

“वा!” प्रूटसाहेब खरोखर खूश झाले. “इतके स्पष्ट गुण मी कुणाचे पाहिले नाहीत.”

“ते राहू द्या. भेटीची वीस मिनिटं संपली ना? पुन्हा कधी भेटायचं?”

आता बाईंच्या डोक्यात काय शिजत होतं ते सांगायला हवं. प्रूटसाहेब बोलणार नाहीत, हे त्यांना कळून चुकलं होतं. पण कुलूप काढायला कर्टिसला याच खोलीत, याच टेबलापाशी यावं लागणार होतं. मग आपण इथेच ठाण मांडलं तर? आला तर डोळ्यांना दिसेल, नाही आला तर काय ते समजेल. त्यांनी दुपारी तीनची भेट नोंदवली. वीस मिनिटं पुरायची नाहीत म्हणून तीन वीसचीही नोंदवली. आणि मग, हात लागलाच आहे तर, पुढच्या तीन आठवड्यांची रोजची तीन आणि तीन वीस. एका विद्यार्थ्याने किती भेटी घ्याव्यात याला कॉलेजात काही नियमच नव्हता. कारण आजवर तिथे कुणी आपण होऊन दुसऱ्यांदा आलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज तीनच्या ठोक्याला बाई हजर. हातात केक. त्या प्रूटसाहेबांसमोर बसत, पण नजर सगळी दाराकडे. कुणाची चाहूल लागली की खुर्ची झाडाच्या आड सरकवत. भेट संपली की चारपर्यंत दालनात बसून राहत, कुणीतरी विसरून गेलेला कॉलेजचा वार्षिक अंक चेहऱ्यासमोर धरून. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले. ‘जी’वाले आले, ‘जे’वाले आले, जांभया देत दोन जुळ्या बहिणी आल्या. कर्टिसचा पत्ता नाही.

आणि इकडे प्रूटसाहेब वाळत चालले. दिवसाला एक केक खाऊनसुद्धा वाळत चालले! कारण त्यांना सगळं माहीत होतं. रोज सकाळी संगणक उघडला की त्यांना दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसत. एक म्हणजे त्यांच्याच यादीतला एक मुलगा अडीचला वर्गातून सुटतो, चारला कामावर हजर होतो, आणि तीनची किंवा तीन वीसची वेळ मागून मागून थकलाय. दुसरी म्हणजे त्या दोन्ही वेळांवर कोण बसलंय. आणि हे ते ना मुलाला सांगू शकत होते, ना आईला. मूग गिळून बसणे म्हणतात ना, ते त्यांनी केळ्याच्या केकसकट गिळले होते.

“बाई,” अकराव्या दिवशी त्यांनी आडून सुचवून पाहिलं, “तुम्ही रोज येता, छान वाटतं. पण त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याला वेळ मिळत नसेल.”

“कोणाला?”

“असेल कुणीतरी.”

“मग त्याने माझ्यासारखं आधी उठून नोंदवावं! आजकालच्या पोरांना हातपाय हलवायला नकोत, प्रूटसाहेब. आयांनी लाडावून ठेवलीत.”

प्रूटसाहेबांनी हातातला केकचा तुकडा खाली ठेवला.

“एखाद्या दिवशी,” ते जवळजवळ विनवत म्हणाले, “नुसतं घरी जेवायला बसल्यावर... समोरच्या माणसाशी बोलून पाहिलंत तर?”

“समोरच्या माणसाच्या तोंडात मॅकरोनी असते. घ्या हो, अजून एक तुकडा घ्या. किती वाळलात!”

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी बाईंनी ठरवलं की आता बास. पोरगं सल्लागाराकडे फिरकत नाही, म्हणजे नोंदणी होणार नाही, किंवा भलत्याच कुठल्यातरी वाटेने ते ती करून घेईल आणि मग वर्गालाच जाणार नाही. मार्विननेही असंच केलं होतं, नाव घातलं आणि वर्गाच्या वेळेला बोलिंग खेळत बसला. तेव्हा स्वतः वर्गात जाऊन बसायचं! पोरगं आलं की मागून बखोट धरायचं, आणि नाही आलं तर... त्या ‘तर’पुढे त्यांना विचार करवेना.

“प्रूटसाहेब, माझी नोंदणी करा. संख्याशास्त्र, खोली दोनशे चौदा, सकाळी नऊ.”

प्रूटसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पुढच्या सत्रात संख्याशास्त्राचा तो एकच वर्ग होता. जागा बत्तीस. भरलेल्या एकतीस.

“बाई, मातीकाम घ्या ना,” ते पडदा आपल्याकडे वळवत म्हणाले. “मातीकाम फार सुंदर असतं. फुलदाण्या होतात.”

“मला संख्याशास्त्र हवंय.”

“का पण? तुमच्या प्रश्नावलीत आकड्यांची आवड शून्य निघालीये!”

“लागेल आवड. तुम्हाला काही माहीत आहे का, जे मला माहीत नाही?”

“मला पुष्कळ काही माहीत आहे जे तुम्हाला माहीत नाही!” प्रूटसाहेब ओरडले. मग खाली बसले, चष्मा पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, “तीच तर नोकरी आहे माझी.”

शेवटी विद्यार्थ्याने मागितलं की द्यावं लागतं. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. बत्तीस भरल्या. त्या दुःखात त्यांनी वेल्डिंगचंही बटण दाबून टाकलं, कारण पहिल्या सत्रात एक विषय तरी प्रश्नावलीतल्या आवडीचा घ्यावा असा कॉलेजचा आग्रह असे. बाईंनी ‘बरं’ म्हणून टाकलं. त्यांचं लक्षच नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी गुडघाभर बर्फ पडलं होतं. भटारखान्यातून सकाळची रजा काढून जेराल्डीनबाई पावणेनऊलाच दोनशे चौदा नंबरच्या खोलीत सगळ्यांत मागच्या बाकावर जाऊन बसल्या. कोटाची टोपी नाकापर्यंत ओढलेली, समोर कोरी वही. एकेक मूल येत गेलं. बाई मोजत गेल्या. वीस, पंचवीस, एकतीस. कर्टिस नाही.

साल्सेडो नावाच्या ठेंगण्या प्राध्यापकबाई आल्या आणि त्यांनी हजेरी सुरू केली.

“हुकस्ट्रा?”

“हजर,” जेराल्डीनबाई टोपीतून म्हणाल्या आणि श्वास रोखून दुसऱ्या हुकस्ट्राची वाट पाहू लागल्या.

“इंग्रॅम?” साल्सेडोबाई म्हणाल्या.

संपलं! यादीत दुसरा हुकस्ट्रा नव्हताच. बाईंच्या डोळ्यांसमोर वीस वर्षांनंतरचा नाताळ उभा राहिला. टेबलाशी दोन माणसं बसली आहेत, दोघांच्या हातात तंगड्या, आणि दोघं एका सुरात म्हणताहेत, ‘बस, एकच विषय!’ त्यांना रडू फुटणार इतक्यात दार करकरलं. बुटांवरचं बर्फ झटकत कर्टिस आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“मी वेटिंगवर पहिला आहे, मॅडम,” तो म्हणाला. “कुणी सोडतंय का बघायला आलो.”

“बत्तीसच्या बत्तीस हजर आहेत रे,” साल्सेडोबाई म्हणाल्या. “उन्हाळ्यात घेशील?”

“उन्हाळ्यात उपयोग नाही. मेपर्यंत झाला नाही तर विद्यापीठातली जागा जाते.” त्याने कानटोपी काढून हातात घेतली. “एकाच सीटने हुकलं, मॅडम. माझं कुलूप निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी घेतली.”

वर्गात सगळे हळहळले. मागच्या बाकावरची टोपी हळूहळू खाली खाली जाऊ लागली. मग थांबली आणि तिच्यातून एक हात वर आला.

“मी सोडते.”

कर्टिसने वळून पाहिलं. आधी त्याने कोट ओळखला, मग हात, मग आवाज. त्याच्या तोंडाचा जो आ झाला तो काही मिटेना.

“आई?”

“तुम्ही ओळखता का एकमेकांना?” साल्सेडोबाईंनी विचारलं.

“नाही,” जेराल्डीनबाई म्हणाल्या.

“हो,” कर्टिस म्हणाला.

अख्खा वर्ग फिस्सकन हसला.

“तू इथे काय करतेयस?”

“शिकतेय! दिसत नाही? वही आणलीये.”

“संख्याशास्त्र? तू? केक कापताना तुला दहा तुकडे समान करता येत नाहीत!”

“तुझा तुकडा मुद्दाम मोठा करते मी, गाढवा!”

“हे घरी बोला,” साल्सेडोबाईंनी घड्याळ दाखवलं. “बाई, जागा सोडायची तर आत्ताच सोडा. तुम्ही दिसता नव्या, म्हणजे सल्लागाराच्या परवानगीशिवाय तुमचा विषय सुटणार नाही. दहाच्या आत झालं तर यादीतल्या पहिल्याला जागा मिळेल. दहानंतर वेटिंग रद्द होतं.”

नऊ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सल्ला केंद्र मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. मायलेक बर्फातून धावत सुटले. कर्टिस पुढे, बाई मागे, आणि तशात भांडण चालूच.

“तू कुलूप का नाही काढलंस वेळेवर?” बाई धापा टाकत ओरडल्या.

“वेळच मिळेना! रोज तीनची वेळ भरलेली, तीन वीसची भरलेली! कुणी एक येडपट रोज...” आणि कर्टिस थांबला. बर्फात मधोमध थांबला. सल्ला केंद्रात झाडाच्या शेजारी रोज नवा केक असतो, हे त्याला ‘जे’वाल्या जुळ्या बहिणींनी सांगितलं होतं. “आई. केळ्याचा होता तो?”

“अक्रोड घालून,” बाई हळूच म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. पण हात चोळत बसायलाही वेळ नव्हता.

सत्राचा पहिला दिवस म्हणजे केंद्रात तोबा गर्दी. चाळीसएक मुलं रांगेत. जेराल्डीनबाईंनी रांगेकडे अशी नजर टाकली, जशी त्या भटारखान्यात दोनदा पुडिंग मागणाऱ्यांवर टाकत, आणि रांग आपोआप दुभंगली. यातली निम्मी मुलं त्यांच्याच हातचं जेवून मोठी झाली होती.

प्रूटसाहेबांनी मान वर केली. समोर आई, शेजारी मुलगा. दोघं एकत्र! ते ताडकन उठून उभे राहिले.

“तुम्ही... एकमेकांना भेटलात?”

“एकाच घरात राहतो आम्ही,” कर्टिस म्हणाला.

“सही कर!” प्रूटसाहेबांनी खण असा ओढला की तो हातातच आला. “हा कागद. आईशी बोलायची संमती. कर, कर, कर!”

कर्टिसने कुंडीच्या कडेवर कागद टेकवून सही केली. प्रूटसाहेबांनी तो छातीशी धरला, लांब श्वास घेतला, आणि मग तीन महिन्यांचं तुंबलेलं धरण फुटलं.

“सोळा वेळा! बाई, सोळा वेळा या पोराने माझी वेळ मागितली, आणि सोळाही वेळा त्या खुर्चीत तुम्ही! मला म्हणालात, आजकालच्या पोरांना हातपाय हलवायला नकोत! मी काय बोलणार? मातीकाम घ्या म्हटलं, तर नाही! शेवटी माझी जेवणाची सुट्टी मोडून शुक्रवारी बोलावलं त्याला आणि कुलूप काढलं. आणि जागा? जागा तुम्ही गुरुवारी घेतलीत, माझ्याच टेबलावर! झोप नाही मला तीन महिने, बाई! बायको विचारते काय झालं, आणि मी तिलाही सांगू शकत नाही!”

एवढं बोलून ते खाली बसले. खूप हलकं वाटलं त्यांना. गालांवर रंगसुद्धा आला.

“आता आधी बटण दाबा,” जेराल्डीनबाई म्हणाल्या. “रडू मग.”

नऊ एक्कावन्नला प्रूटसाहेबांनी बाईंना संख्याशास्त्रातून काढलं. कर्टिस फोन हातात धरून उभा होता. नऊ त्रेपन्नला त्याचा फोन वाजला. त्याने पडदा आईपुढे धरला. जागा मिळाली होती.

बाईंनी नाक पुसलं. मग एकदम भडकल्या. “पण तू मला एक शब्द बोलला नाहीस! कुलूप म्हणू नकोस, वेटिंग म्हणू नकोस!”

“तू विचारलंस?”

“तू सांगितलंस?”

“यांनी विचारलं होतं मला त्या शुक्रवारी,” कर्टिसने प्रूटसाहेबांकडे बोट दाखवलं. “घरच्यांना कळवायला सही करतोस का, म्हणून. तीनदा विचारलं. मी म्हटलं, कशाला? माझ्या घरी कुणी कॉलेजचं नावही काढत नाही. मला वाटलं, तुला काही पडलेलं नाही.”

जेराल्डीनबाईंनी कोटाची टोपी मागे सारली. त्यांनी कॉलेजला विचारलं होतं, संगणकाला विचारलं होतं, टोस्टरला विचारलं होतं. एवढं मोठं पोरगं रोज समोर बसून तीनदा मॅकरोनी घेत होतं, त्यालाच तेवढं विचारायचं राहिलं होतं.

“पळ वर्गात,” त्या एवढंच म्हणाल्या. “मागच्या बाकावर माझी वही आहे. ती घे. कोरीच आहे.”

तो गेला. प्रूटसाहेबांनी हळूच विचारलं, “वेल्डिंगही काढून टाकू ना? शुक्रवारपर्यंत काढता येतं.”

“काढा,” बाई म्हणाल्या. त्यांनी बटणाकडे जाणारं त्यांचं बोट पाहिलं. “थांबा. पहिला वर्ग कधी आहे?”

“उद्या संध्याकाळी.”

“एकदा नुसतं बघून येते. मग काढू.”

मंगळवारी संध्याकाळी कर्टिसने टायरच्या दुकानातून लवकर सुट्टी घेतली. घरी येऊन त्याने पहिल्यांदाच आपण होऊन चीज घालून पाव भाजले. दोन पाव करपले, ते त्याने स्वतःच्या ताटात घेतले. टेबलावर दोन ताटं मांडली. आज आईशी नीट बोलायचं असं त्याने ठरवलं होतं. अगदी सगळं विचारायचं, काय शिकवलं, कोण कोण होतं, आवडलं का.

साडेआठला दार उघडलं. जेराल्डीनबाई आत आल्या. अंगाला जळक्या लोखंडाचा वास, कोटाच्या बाहीला नाण्याएवढं गोल भोक, केस एका बाजूला उभे, आणि डावी भुवई अर्धीच. गाल मात्र असे लाल, की बाहेरच्या थंडीने एवढे लाल होत नाहीत.

“आई! भुवई कुठे गेली?”

“कुठली भुवई?”

“डावी!”

“आहे की अर्धी.”

त्यांनी उभ्या उभ्याच एक पाव उचलला आणि खाऊन टाकला. मग दुसरा. मग कर्टिसच्या ताटातला करपलेलाही.

“मग?” कर्टिस खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. “काय झालं वर्गात?”

काय झालं वर्गात! वर्गात गुरुजींनी सगळ्यांदेखत त्यांची पहिली जोडणी हवेत उंच धरली होती आणि म्हणाले होते, बावीस वर्षांत पहिल्या दिवशी इतकी सरळ रेघ कुणी मारली नाही. वर्गात ओर्विल नावाच्या एका मिशाळ शेतकऱ्याने त्यांना आपले जास्तीचे हातमोजे देऊ केले होते, आणि मग त्या मिशांना थोडीशी आग लागली होती, आणि ती बाईंनीच विझवली होती, आणि मग सगळे मिळून पिझ्झा खायला गेले होते. तिथे ओर्विल अर्ध्या मिशांनी इतका हसला होता की सोडा नाकातून आला. आणि पुढच्या मंगळवारी छत्तीस इंची जाळी करायची होती, आणि त्यासाठी त्यांनी आत्ताच एक भन्नाट कल्पना काढली होती.

जेराल्डीनबाईंनी मुलाकडे पाहिलं. डोळे चमकले.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

शेवटचा पाव दातांत धरून त्या जिना चढून गेल्या. वर त्यांच्या खोलीचं दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग कुणाशी तरी फोनवर बोलल्याचा आणि खुदखुदल्याचा.

कर्टिस जिन्याच्या तळाशी बराच वेळ उभा राहिला. मग त्याने बूट काढले, एकेक पायरी न वाजवता वर चढला आणि दाराला कान लावला.